ॲनिमेशनच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा जाताय? एक शॉट घेऊन घरी या

ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पहिल्यांदा ॲनिमेशनच्या स्क्रीनिंगला निघाले, तेव्हा आई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "कार्टून बघायला रजा?" मी काही बोलले नाही. रात्री परत आले ती पिशवी भरून. दोन माहितीपत्रकं, चार व्हिजिटिंग कार्डं, एक स्टिकर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "मग, काय पाहिलंस?" अकरा फिल्म पाहिल्या होत्या, पण धड एकीबद्दल सांगता येईना. डोक्यात सगळ्यांची मिसळ झाली होती.

त्यानंतर असे बरेच कार्यक्रम पाहिले, दोन-तीन स्वतः भरवले. नव्याने येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते, की जाताना काही ठरवू नका, फक्त येताना एक शॉट घेऊन या. चार-पाच सेकंदांचा. तो कसा सुरू झाला, कशावर संपला, त्यात काय हललं आणि काय हललं नाही, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. प्रश्न विचारणं, ओळखी होणं, स्वतःचं काम सुधारणं, सगळं त्या एका शॉटला धरून येतं.

पायरी पहिली: घरी सराव

जायच्या आधी आठवडाभर कुठलीही एक छोटी ॲनिमेशन फिल्म घ्या आणि तीनदा बघा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा त्यातला एकच शॉट. फाइल संगणकावर असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि ती थांबवून 'ई' हे बटण दाबत जा. दर दाबाला एक फ्रेम पुढे सरकते.

सेकंदाला सहसा २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या कामात बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला धंद्यात 'टूज वर' काम करणं म्हणतात. 'ई' दाबताना एकदा चित्र बदलतं, एकदा बदलत नाही, मग पुन्हा बदलतं. मध्येच कुठे सलग प्रत्येक दाबाला बदलायला लागलं, की समजायचं, इथे ॲनिमेटरला काहीतरी झटकन किंवा फार मऊ हलवायचं होतं. पाच मिनिटांची फिल्म म्हणजे ७,२०० फ्रेम. टूज वर केली तरी ३,६०० चित्रं. एकदा बोटाने ती मोजून बघितली, की हॉलमध्ये बसण्याची तऱ्हाच बदलते.

सरावाला गीतांजली राव यांची २००६ ची 'प्रिंटेड रेनबो' मिळाली तर उत्तम. कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजलेली ही फिल्म. एक म्हातारी बाई, तिचं मांजर आणि तिच्या आगपेट्यांचा संग्रह. शहर राखाडी, आगपेट्यांवरच्या चित्रांतलं जग रंगीत. रंग नेमका कुठे शिरतो, तेवढंच एक बघा. (जाता जाता: दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला 'आगकाड्यांची मौज' केली होती, काड्या सरकवून सरकवून. ती फिल्म आज उरलेली नाही. आपल्याकडचं ॲनिमेशन काडीपासून सुरू झालं आणि नव्वद वर्षांनी पेटीपर्यंत आलं, असं मी उगाच जुळवून सांगत असते.)

पायरी दुसरी: कधी आणि कुठे

कॅलेंडरवर पहिली खूण २८ ऑक्टोबरला करा. १८९२ साली या तारखेला पॅरिसच्या ग्रेव्हां संग्रहालयात एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर हलवून दाखवल्या. ल्युमिएर बंधूंच्या खेळाच्या तीन वर्षं आधी. पट्टी हातानेच फिरवायची असल्याने रेनो ती पुढे-मागे करून एखादा प्रसंग लांबवायचे. पुढे सिनेमाने त्यांचा धंदा बसवला आणि त्यांनी बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकल्या. १९६० मध्ये स्थापन झालेल्या आसिफा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ पासून हा दिवस जागतिक ॲनिमेशन दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. आसिफा इंडिया त्या सुमाराला वेगवेगळ्या शहरांत स्क्रीनिंग आणि व्याख्यानं घेते. कॉलेजांतही बरंच काही होतं आणि पुष्कळदा प्रवेश सगळ्यांना खुला असतो.

मुंबईत दुसरं ठिकाण म्हणजे मिफ, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. १९९० पासूनचा हा महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आहे. दोन वर्षांतून एकदा, पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजन या पूर्वीच्या सरकारी संस्थेच्या आवारात. प्रतिनिधी म्हणून आधी नोंदणी करावी लागते. ती शेवटच्या दिवसावर ठेवू नका, ओळखपत्राच्या रांगेत सकाळचं पहिलं स्क्रीनिंग जातं. २०२२ आणि २०२४ चे महोत्सव मे-जूनमध्ये झाले, तेव्हा पिशवीत छत्री असू द्या. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ मिळाला तर आवारातच गुलशन महालात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. फिल्म्स डिव्हिजनचं आणि ॲनिमेशनचं नातं जुनं आहे. तिथला कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला, शिकवायला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स होते आणि शिकणाऱ्यांत राम मोहन, जे पुढे भारतीय ॲनिमेशनमधलं मोठं नाव झाले. चाळिशीपुढच्या कुणाशीही बोलणं सुरू करायचं असेल तर विजया मुळे यांच्या 'एक अनेक और एकता'चा विषय काढा. १९७४ ची ती फिल्म दूरदर्शनवर पाहिलेली नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

टासी, म्हणजे दि ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया, ही मुंबईची संस्था धंद्यातल्याच लोकांनी चालवलेली. तिची संमेलनं आणि अधूनमधून होणारी स्क्रीनिंग नवख्यांना फार सोयीची, कारण तिथे विद्यार्थी आणि वीस वर्षं काम केलेला माणूस एकाच रांगेत बसतात. विद्यार्थ्यांचं काम बघायचं असेल तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतला 'चित्रकथा' महोत्सव. आणि मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब यांसारख्या फिल्म सोसायट्यांच्या वेळापत्रकावर नजर ठेवा. ॲनिमेशन क्वचित लागतं, पण लागतं तेव्हा चांगलं लागतं.

पुणेकरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने येणं ठीक आहे. पण परतीची तीच गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला सुटते आणि चांगली स्क्रीनिंग बहुधा त्यानंतर असतात. मी दोन वर्षं अर्धा महोत्सव सोडून धावत स्टेशन गाठलं. तिसऱ्या वर्षी डोंबिवलीच्या मावशीकडे मुक्काम ठोकला आणि महोत्सव म्हणजे काय ते कळलं.

ज्या आन्सी महोत्सवाचं नाव सगळे घेतात, तो फ्रान्समध्ये, जूनमध्ये असतो. तिथे खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक पडद्याकडे कागदी विमानं सोडतात. मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसचे सुरेश एरियत यांनी लोकरीतून केलेल्या 'देसी ऊन'ला २०२५ मध्ये तिथे पुरस्कार मिळाला. आन्सीला आज ना उद्या जाल. आधी पेडर रोड.

पायरी तिसरी: वेळापत्रकावर पेन्सिल फिरवा

सगळं बघायचा हट्ट धरू नका. दिवसाला दोन स्क्रीनिंग आणि एक चर्चा, बस. त्यापुढे डोळे उघडे असतात, पण आत काही जात नाही.

चर्चा निवडताना साधं गणित करा. पंचेचाळीस मिनिटं, मंचावर पाच जण. ओळख आणि पुष्पगुच्छात दहा मिनिटं जातात, प्रश्नांना पाच. उरलेली तीस पाचांत वाटली तर प्रत्येकाला सहा मिनिटं. सहा मिनिटांत कुणीही "भारतात टॅलेंट खूप आहे" याच्या पुढे जाऊ शकत नाही. विषयाच्या नावात 'भवितव्य' हा शब्द असेल तर त्या वेळात जेवून घ्या. याउलट एकच माणूस, सोबत लॅपटॉप, आणि वेळापत्रकात 'मेकिंग' असं लिहिलेलं असेल, तर जेवण सोडून जा. तिथे स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटची आधी काढलेली कच्ची चित्रं, दिसतो, फेकून दिलेले शॉट दिसतात, "हे आम्ही चारदा केलं आणि शेवटी काढूनच टाकलं" असं ऐकायला मिळतं.

एक पथ्य. अशा सत्रांत स्टुडिओ कधी कधी प्रदर्शित न झालेलं काम दाखवतात. "फोटो काढू नका" म्हटलं की फोन खिशात. तुमच्या एका स्टोरीमुळे दाखवणाऱ्याला क्लायंटची बोलणी खावी लागतात आणि पुढच्या वर्षी तो काही दाखवत नाही.

पायरी चौथी: हॉलमध्ये

छोट्या फिल्मचा कार्यक्रम म्हणजे साधारण तासा-दीड तासात आठ-दहा फिल्म, एकामागून एक. दोन फिल्मच्या मध्ये दोन-चार सेकंदांचा अंधार असतो. तोच तुमचा लिहिण्याचा वेळ. छोटी वही, पेन, एका फिल्मला एक ओळ. "म्हातारा – चहा ओततो – हात थरथरत नाही, कप थरथरतो." एवढं पुरे. अंधारात लिहिलेलं वाकडं येतं, घरी लागतं. फोनवर लिहू नका, मागच्या तीन रांगांना तुमचा चेहरा निळा दिसतो.

निघायचंच असेल तर दोन फिल्मच्या मधल्या अंधारात निघा. आणि श्रेयनामावलीला टाळी वाजवा. मोठ्या सिनेमात नावं सुरू झाली की आपण चपला शोधतो, इथे तसं चालत नाही. नावं बारा असतात आणि त्यातली तीन माणसं तुमच्या मागच्या रांगेत असतात.

पायरी पाचवी: प्रश्न

माइक फिरायला लागला की तीन प्रश्न हमखास येतात. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं? या क्षेत्रात स्कोप आहे का? एआय आल्यावर काय होणार? तिन्हींची उत्तरं देणाऱ्याला पाठ असतात. आणि एक गृहस्थ नेहमी उठतात, "माझा प्रश्न असा नाही..." म्हणत स्वतःचं आत्मचरित्र सांगून बसतात.

तुमच्याकडे एक शॉट आहे, तो काढा. "बाई खिडकी उघडते आणि नंतर जवळजवळ एक सेकंद काहीच हलत नाही, फक्त पडदा. हे थांबणं ॲनिमॅटिकमध्येच होतं की नंतर आलं?" (ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेप्रमाणे जुळवून केलेला कच्चा व्हिडिओ.) मी हा प्रश्न एकदा विचारला, म्हणजे जवळजवळ याच शब्दांत. दिग्दर्शिका खुर्चीत पुढे सरकली. म्हणाली, तिथे आधी एक संवाद होता, रेकॉर्डही झाला होता, मग काढला आणि ती जागा तशीच ठेवली. ती दहा मिनिटं त्या एका सेकंदावर बोलली. माझ्या वहीतली सगळ्यात उपयोगाची दोन पानं त्यातली आहेत.

प्रश्न मराठीत विचारू का, असं बरेच जण मला हळूच विचारतात. विचारा. मुंबई-पुण्यात मंचावरचे निम्मे लोक मराठीत उत्तर देतात, उरलेल्यांना सूत्रसंचालक समजावून सांगतो. अडखळत्या इंग्रजीत झाकलेल्या प्रश्नापेक्षा ते बरं. दिग्दर्शकांना सर-मॅडम म्हणायची आपल्याकडे रीत आहे, ती पाळा. "नावाने हाक मार" असं ते म्हणाले तर दुसऱ्या भेटीपासून.

पायरी सहावी: चहाची टपरी

कार्यक्रम संपल्यावर मंचावरच्या पाहुण्यांभोवती पंधरा जणांचं कोंडाळं होतं. त्यात शिरू नका. फिल्मच्या श्रेयनामावलीत ज्यांची नावं पाहिलीत, त्या सहायकांना शोधा. ज्याने तो शॉट प्रत्यक्ष केला तो बहुतेक गेटबाहेर कटिंग पीत उभा असतो आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. "तो कपाचा शॉट तुम्ही केलात का?" या प्रश्नावर मला आजवर कुणी झिडकारलं नाही. एकदा तर समोरच्याने चहाचा ग्लास हातात धरून सगळी हालचाल करून दाखवली आणि अर्धा चहा शर्टावर सांडला.

स्वतःचं काम लगेच पुढे करू नका. समोरच्याने "तू काय करतोस?" असं विचारलं तर फोनमध्ये तीस-चाळीस सेकंदांची रील, म्हणजे आपल्या कामातले निवडक तुकडे, तयार ठेवा, नेटशिवाय चालणारी, सगळ्यात चांगला शॉट पहिल्या पाच सेकंदांत. तीन मिनिटांची रील उभ्या उभ्या कुणी बघत नाही, बघितल्यासारखं करतात. नोकरीचा विषय तुम्ही काढू नका. रात्री घरी पोचल्यावर दोन ओळींचा निरोप पाठवा, त्यात तो शॉट लिहा. शंभर "नाइस मीटिंग यू"मधून तोच लक्षात राहतो.

पायरी सातवी: तुमची फिल्म लागते तेव्हा

माझी पहिली फिल्म लागणार होती, चार मिनिटांची. आईलाही घेऊन गेले. पेनड्राइव्ह मॅकवर फॉरमॅट केलेला, प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप विंडोजचा. उघडेचना. धावपळ करून मेलमधली जुनी फाइल लावली, ती रंग न भरलेली. वर ताणून बसवल्याने माझी सडपातळ नायिका पडद्यावर पिठाच्या डब्याएवढी दिसली. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हा हे लिहून ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा, कारण तो दोन्हीकडे उघडतो, आणि फॅट ३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. फाइल एमपी४, एच २६४, १९२० बाय १०८०, २४ फ्रेमची, आवाज स्टिरिओ. मास्टर, म्हणजे सगळ्यात चांगल्या दर्जाची मूळ फाइल, वेगळा ठेवा, तो मागितल्याशिवाय देऊ नका. सबटायटल चित्रातच कायमची बसवून टाका. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन सेकंद काळं. फाइलच्या नावात फिल्मचं नाव, तुमचं नाव, लांबी. 'फायनल_फायनल_३' या नावाच्या फाइली मी आयोजक म्हणून पाहिल्यात आणि त्यांतली खरी फायनल कोणती, हे करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दुसरी प्रत फोनमध्ये, तिसरी क्लाउडवर. आणि कार्यक्रमाच्या आधी प्रोजेक्शनवाल्या दादांना भेटून पहिली दहा सेकंद लावून बघा, चित्र आणि आवाज दोन्ही. त्यांच्याशी नीट बोला. त्या दिवशी तुमच्या फिल्मचं नशीब दिग्दर्शकापेक्षा त्यांच्या हातात जास्त असतं.

आणि जवळ काहीच होत नसेल तर

सगळेच मुंबई-पुण्यात राहत नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही स्वतःच सुरू केलं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, चाळीस खुर्च्या. तुम्हालाही जमेल.

फिल्म नेटवरून उतरवून किंवा कुणाच्या सबस्क्रिप्शनवरून लावू नका. फुकट दिसते म्हणजे चारचौघांत दाखवायची परवानगी आहे, असं नसतं. करणाऱ्याला मेल करा: आम्ही कोण, कुठे, किती प्रेक्षक, तिकीट नाही, एकदाच दाखवू, फाइल पुसून टाकू. विद्यार्थी आणि स्वतंत्र काम करणारे बहुतेक दोन दिवसांत होकार देतात, वर फाइलही पाठवतात. सार्वजनिक प्रदर्शनाला कायद्याने सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. मोठे महोत्सव त्यातून सूट मागून घेतात. म्हणून नवख्यांनी जाहीर खेळाच्या भानगडीत न पडता एखाद्या कॉलेजच्या किंवा फिल्म सोसायटीच्या छत्राखाली कार्यक्रम करावा आणि नियम त्यांच्याकडूनच समजून घ्यावेत.

सहा-सात फिल्म, चाळीस मिनिटांच्या आत. जड फिल्म पहिली लावू नका, शेवटचीही नको, चौथी ठेवा. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे नसतील तर साडेसहाच्या आत सुरू करू नका, नाहीतर पडद्यावर फक्त उजेड दिसेल. शाळेच्या भोंग्यावर आवाज घुमतो, दोन साधे स्पीकर कुणाकडून तरी मागून आणा.

चर्चेला पाच पाहुणे बोलावू नका. एक फिल्म करणारा पुरे, तोही नसला तरी चालतं. एक शॉट निवडा, व्हीएलसीमध्ये उघडा आणि 'ई' दाबत दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून बघा. कुणाला काय दिसलं ते ज्याने-त्याने म्हणायचं.

पहिल्या वर्षी आमचा कार्यक्रम आठला संपला. हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिपाई मामा दारात उभे होते, मला वाटलं कुलपासाठी खोळंबलेत. वायर गुंडाळत होते तर आत आले, म्हणाले, "ताई, ती म्हैस उठते तेवढं परत लावता का?" एका विद्यार्थ्याच्या फिल्ममधला शॉट होता, सहा सेकंदांचा. प्रोजेक्टर पुन्हा जोडला. मामांनी पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवलं, "म्हैस आधी मागचं उचलते, मग पुढचं. घोडा उलटा. ह्या पोरानं बरोबर काढलंय. पण शेपटी अशी गप्प नसती राहिली." मग आम्ही तो शॉट एकेक फ्रेम करत चार वेळा पाहिला, आणि शेपटीची सूचना त्या मुलाला त्याच रात्री कळवली.

तेव्हापासून हॉल नऊपर्यंत मागते आणि फिल्म सव्वासातलाच संपवते.